तिसऱ्या पानाची घडी

साप्ताहिकाच्या कचेरीत त्या सकाळी टेबलावर दोनशे फॉर्म पडले होते आणि ताईंच्या चेहऱ्यावर पहिला नंबर आलेल्या मुलीचं हसू होतं. 'आमच्या अंकात तुम्हाला काय वाचायला आवडतं?' असं वाचकांना विचारलं होतं. दोनशेपैकी एकशे त्र्याऐंशी जणांनी 'निर्भीड, परखड बातम्या' या चौकोनात खूण केली होती. शब्दकोड्यापुढे खूण करणारे फक्त नऊ.

अंक चार पानांचा. पहिल्या पानावर उद्घाटनं आणि सत्कार, दुसऱ्यावर जाहिराती, शेवटच्यावर शब्दकोडं आणि राशिभविष्य. तिसरं पान ताईंचं. चौदा वर्षं त्या पानावर त्यांनी गावातली एकेक झाकलेली गोष्ट उघड केली होती. सध्या त्या पिण्याच्या पाण्याच्या टाकीच्या मागे लागल्या होत्या. टाकी तीन वर्षांत धुतलेली नाही, हे त्यांनी पुराव्यासकट लागोपाठ चार अंकांत छापलं होतं. आणि मालकांना नेमकं हेच पान बंद करून तिथे आणखी एक, मोठं शब्दकोडं टाकायचं होतं.

"आता बोला," ताई फॉर्मांच्या ढिगावर हात ठेवत म्हणाल्या.

"बाई, फॉर्म भरताना माणूस फोटो काढायला बसल्यासारखा बसतो," मालक म्हणाले. "'रोज व्यायाम करता का' असं विचारा, सगळं गाव पहाटे धावताना दिसेल. लोक काय म्हणतात ते मला नको. काय वाचतात ते दाखवा. शुक्रवारपर्यंत. नाहीतर शनिवारी तिसऱ्या पानावर कोडं."

लोक काय वाचतात हे बघायचं कुठे? कुणाच्या घरात डोकावून तर बघता येत नाही. ताईंनी दोन दिवस डोकं खाजवलं आणि तिसऱ्या दिवशी त्या थेट रद्दीच्या दुकानात जाऊन उभ्या राहिल्या.

रद्दीवाले काका गठ्ठ्यांच्या मधोमध स्टुलावर बसले होते. ताईंची अडचण त्यांनी शांतपणे ऐकून घेतली.

"सोपं आहे," ते म्हणाले. "बसा, शिकवतो. हा अंक बघा. शेवटच्या पानावर कपाचा गोल डाग, चौकोनांत पेन्सिलीची अक्षरं, चार घड्या. म्हणजे कोडं सोडवलं. पहिल्या पानावर बोटांचे ठसे. म्हणजे सत्कारात ओळखीचं कुणी आहे का ते बघितलं. आता अंक उघडा."

ताईंनी अंक उघडला. आतली पानं एकमेकांना चिकटलेली होती, ती हलकेच कुरकुरत सुटली. तिसरं पान छापखान्यातून आलं तसंच, कोरं करकरीत.

"हा उघडलेलाच नाही," काका म्हणाले.

"एखादा असेल असा."

"घ्या, हा दुसरा."

दुसराही तसाच. पाचवाही. अकराव्या अंकात तिसऱ्या पानावर तेलाचे डाग सापडले तेव्हा ताईंच्या जिवात जीव आला.

"हा वाचलाय बघा!"

"नाही. हा कपाटात अंथरला होता. बाटलीच्या बुडाचा डाग आहे तो."

एव्हाना ताईंचा चेहरा पार उतरला होता. तेवढ्यात त्यांच्या हाताला एक गठ्ठा लागला. तो हिरव्या लोकरीने बांधला होता, आणि त्या लोकरीचा स्वेटर ताईंच्या अंगात होता. गठ्ठा आईचा होता. दर शनिवारी फोन करून "काय लिहिलंयस गं, अगदी डोळे उघडले" असं म्हणणाऱ्या आईचा. ताईंनी एक अंक उघडला. पानं कुरकुरली.

गठ्ठा काखेत मारून ताई तडक आईकडे गेल्या. आई कोडंच सोडवत होती.

"आई, खरं सांग. टाकीवरचा माझा पहिला लेख कसा वाटला?"

"छान होता की. अगदी परखड."

"त्यात काय होतं?"

"टाकी होती," आई म्हणाली. मग तिची नजर काखेतल्या लोकरीवर गेली. तिने चष्मा काढला. "अगं, त्या रद्दीवाल्याला बजावलं होतं, हा गठ्ठा कुणाला दाखवू नकोस! नेमका तुलाच दाखवला?"

"म्हणजे चौदा वर्षं तू..."

"सुरुवातीला वाचायचे. मग रात्र रात्र झोप लागेना. ती टाकी, तो पूल, ते औषधांचं गोदाम. डॉक्टर म्हणाले, मीठ कमी करा. मी म्हटलं, मीठ ठेवते, लेकीचे लेख कमी करते."

"मग त्या फॉर्मवर खूण कुठे केलीस?"

"परखड बातम्यांवर! तू लिहायचं थांबवलंस तर मी अंक बंद करीन हो. जिन्यात ती आग विझवायची लाल नळकांडी असते ना, ती मला हवीच असते. म्हणून रोज उठून ती कोण फवारत बसतं का? चल, पाणी पी. हल्ली छान स्वच्छ येतंय. आपोआपच सुधारलं."

ताई पाणी न पिताच उठल्या.

गुरुवारी त्या गठ्ठा परत करायला गेल्या. शुक्रवारी मालकांना काय सांगायचं ते त्यांनी ठरवून टाकलं होतं: तुमचं बरोबर, टाका कोडं.

"परवा फार घाईत गेलात," काका म्हणाले. "एक गठ्ठा बघायचा राहिलाच. पाणीखात्याचा."

पाणीखात्याला अंक फुकट जायचा. ताईंनी वरचा अंक उचलला. कोडं कोरं होतं. अंक मात्र आपणहूनच तिसऱ्या पानावर उघडला, इतका तो तिथे हाताळला गेला होता. पानाची घडी झिजून फाटायला आली होती. लेखातल्या ओळी लाल पेन्सिलीने अधोरेखित केल्या होत्या आणि समासात निरनिराळ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'हे यांना कोणी सांगितलं?' 'मी नाही.' 'मी रजेवर होतो.' 'मीसुद्धा नाही.' आणि सगळ्यांत खाली, मोठ्या अक्षरांत: 'शुक्रवारच्या आत टाकी धुवा. शनिवारी पुढचा अंक येतो.'

शुक्रवारी मालकांनी ते पान दोनदा वाचलं.

"म्हणजे आपण चार हजार अंक छापतो," ते म्हणाले, "आणि तुमचं पान वाचतात हे चार जण. तेही फुकटात."

"टाकीची किल्ली त्यांच्याकडेच असते," ताई म्हणाल्या.

मालकांनी पान परत ताईंपुढे सरकवलं. मग हळूच म्हणाले, "पण बाई, हे चौघं घाबरले कशाला? उरलेल्या चार हजारांनी वाचलं असेल म्हणून ना?"

ताईंनी ते पान घाईघाईने घडी करून पिशवीत टाकलं.

"पान राहू द्या," मालक म्हणाले. "कोड्यालाही हात लावू नका, त्याच्यावरच ते चार हजार टिकलेत. फक्त खरं काय ते या चौघांना कळता कामा नये. त्या रद्दीवाल्याला आधी गाठा."

ताई धावतपळत दुकानात पोचल्या. काका नवा गठ्ठा काट्यावर ठेवत होते.

"काका, तिसऱ्या पानाचं कुणाला बोलला नाहीत ना?"

"आत्ताच पाणीखात्याचा शिपाई येऊन गेला. विचारत होता, लोक खरंच वाचतात का हो हे पान?"

ताईंनी डोळे मिटून घेतले. "काय सांगितलंत?"

"सांगितलं की बाबा रे, त्या पानाची रद्दी माझ्याकडे येतच नाही. लोक घरोघरी जपून ठेवतात. पाहुण्यांना काढून दाखवतात. काही जणांचं तर तोंडपाठ आहे."

ताईंनी तोंड उघडलं. चौदा वर्षांत एकही चुकीची माहिती त्यांनी दुरुस्त केल्यावाचून सोडली नव्हती.

"मग काय म्हणाला तो?"

"अगदी पांढराफटक पडला. विचारत होता, पुढच्या अंकात कशावर लिहिणार आहेत?"

ताईंनी तोंड मिटलं, स्टूल ओढलं आणि म्हणाल्या, "त्याला म्हणावं, पाइपांवर."