धोंडीचं पाणी

माझ्या थोरल्या जावेच्या मुलाचं नाव उकंडा होतं. असं नाव कुणी हौसेनं ठेवत नाही. तारामती अक्काची आधीची लेकरं पाळण्यातच गेली. म्हणून हा जन्मला तेव्हा आमच्या सासूबाईंनी, साखराबाईंनी, त्याला सुपात घालून उकिरड्यावर नेलं, शेणाकेरात लोळवलं आणि तिथंच सोडून दिलं. शेजारच्या शरणम्मानं त्याला उचललं आणि मग सासूबाईंनी पदर पसरून तो तिच्याकडून मागून घेतला. टाकून दिलेल्या वस्तूकडं मरण बघत नाही, असा आमच्याकडचा समज. उकंडा जगला, अंगानं चांगला भरला, मुसळ उचलण्याइतका झाला. त्याच्याकडं बोट दाखवून सगळं गाव म्हणायचं, याला मरण शिवत नाही.

तो सात वर्षांचा होता त्या साली मी लग्न होऊन लोह्याजवळच्या या गावात आले. निजामाचं राज्य होतं, विलायतेतली मोठी लढाई संपत आली होती आणि नांदेडच्या बाजाराला गेलेली माणसं बैलगाडीत आडवी होऊन परत येत होती. ताप, खोकला, नाकातून रक्त, आणि मान अशी लुळी पडायची की दुसऱ्यानं धरून ठेवावी लागे. लोक त्याला मानमोडी म्हणू लागले. त्यात पावसानं तोंड फिरवलेलं. खरीप वाळून गेलं होतं आणि रब्बीच्या ज्वारीसाठी रानात ओल नव्हती. आभाळ रोज स्वच्छ निळं दिसायचं, आणि मला त्या निळ्या रंगाचीच भीती वाटायला लागली होती.

तालुक्याहून पोलीस जवान हुकूम घेऊन आला. तो उर्दूत होता. अण्णाराव पाटलांनी चावडीवर मराठीत सांगितला आणि दवंडी पिटवली. लहान लेकरांनी उंबरा ओलांडायचा नाही, कुणाच्या घरी जायचं नाही, शाळा बंद, खेळ बंद. ज्या लेकराला ताप येईल त्याला गावाबाहेर माळावरच्या झोपडीत न्यायचं, सोबत घरचं एकच माणूस. गावानं मुकाट्यानं ऐकलं. आजाराला भिऊन नाही, तालुक्याच्या जवानाला भिऊन.

जवान पुन्हा फिरकला नाही तशा जिभा सुटल्या. पाणवठ्यावर कुणी म्हणे, सरकार लेकरं घरात कोंडून मोजतंय, मग लढाईवर नेणार. कुणी म्हणे, माळावरच्या झोपडीत गेलेलं लेकरू परत येतच नाही, म्हणून ताप आला तरी कुणाला सांगू नका. दार लावून बसलेल्या बायकांना भित्र्या म्हणायचं आणि दार उघडं ठेवणाऱ्यांना बेफिकीर म्हणायचं, दोन्ही कामं एकाच तोंडानं चालायची. मला या गावाचा राग येतो तो त्याच्या अडाणीपणाचा नाही. दुसऱ्याच्या लेकराबद्दल त्याचं मत फार लवकर तयार व्हायचं, त्याचा येतो.

तारामती अक्कानं मात्र हुकूम अक्षरशः पाळला. उकंडाला तिनं आतल्या खोलीत ठेवलं. माळवदाला उजेडासाठी ठेवलेल्या भोकातून जेवढं आभाळ दिसेल तेवढंच त्याचं आभाळ. तो भिंतीवर कोळशानं बैल काढायचा आणि विचारायचा, "काकू, बाहीर कोण खेळून राहिलंय?" बाहेर कुणीच खेळत नव्हतं. गल्ली इतकी गप्प असायची की दुसऱ्या घरातलं जातं ऐकू यायचं. मी त्याला तसं सांगितलं की तो खट्टू व्हायचा, म्हणून पुढं पुढं मी काहीतरी खोटंच सांगायला लागले.

मग हस्त नक्षत्रही कोरडं गेलं, आणि गावाला पाऊस का पडत नाही याचं कारण सापडलं. लेकरं कोंडली म्हणून आभाळ कोंडलं. लेकरांचा आवाज वर गेला नाही, त्यांनी धोंडी काढली नाही, तर पाऊस कुणाच्या हाकेला येणार? आमच्याकडं अवर्षणात धोंडी निघते. एका लेकराच्या अंगाला कडुलिंबाचा पाला बांधतात, त्याच्या खांद्यावर मुसळ देतात, मुसळाला ओल्या फडक्यात बेडूक बांधतात. ते लेकरू हलगीमागं घरोघर जातं, बाकीची पोरं गाणं म्हणत मागं. प्रत्येक दारी बाई त्याच्या डोक्यावर घागर रिती करते, पदरानं तोंड पुसते आणि हातानं भाकरीचा घास भरवते. एकही दार चुकवायचं नसतं, आणि एकदा निघालेली धोंडी मधेच मोडायची नसते.

अण्णाराव पाटील आमच्या दारी आले ते ओसरीवर बसलेच नाहीत, उभ्यानंच बोलले. "ग्यानोबा, धोंडी काढावं म्हणून राहिले सारे. तुझं लेकरू पाहिजे."

थोरले भावजी, अक्काचे यजमान, खाली बघत राहिले. उत्तर आतून अक्कानं दिलं. "हुकूम तुमीच सांगितला व्हता, पाटील."

"हाव, सांगितला. पर जवान येऊन पेरणी करून देणार हाय का?"

"मंग तुमचा नातू काढा. कुठं हाय तो?"

पाटलांचा नातू मळ्यात होता. दवंडीच्या दिवसापासून आईबरोबर मळ्यातल्या गुरांच्या कोठ्यात होता, आणि तिकडं गड्यालाही फिरकू देत नव्हते, हे सगळ्यांना माहीत होतं. पाटलांनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं. मग म्हणाले, "त्याला कुठं उकिरड्यावर लोळवलंय, पोरी? तुह्या लेकराला मरण शिवत न्हाई. असलं लेकरू गावात एकच हाय."

"मह्या लेकराचा पाय उंबऱ्याबाहीर पडायचा न्हाई," अक्का म्हणाली आणि आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं.

पाटील गेल्यावर सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, कुणाशीच बोलल्या नाहीत. नुसत्या दारातल्या लिंबाच्या झाडाकडं बघत बसल्या. तेव्हाच मला ओळखायला हवं होतं, पण नव्या सुनेला सासूचं मौन म्हणजे रुसवाच वाटतो.

गावातल्या विहिरी आटल्या होत्या. पाण्याला नदीच्या पात्रात खड्डे उकरून बसावं लागे, घागर भरायला अर्धी सकाळ जाई. दुसऱ्या दिवशी मी आणि अक्का तिकडंच होतो. डोक्यावर घागरी घेऊन गावाकडच्या पांदीच्या वाटेला लागलो आणि गावातून हलगी ऐकू आली. अक्का थांबली. घागर खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही. ती तशीच पळत सुटली आणि पाणी तिच्या पाठीवरून सांडत राहिलं.

धोंडी निम्म्या गावात पोचली होती. पुढं उकंडा, उघडा, कमरेला लिंबाचा पाला, ओठ निळे, आणि चेहऱ्यावर एवढा आनंद की मला त्याच्याकडं बघवेना. किती दिवसांनी त्याला रस्ता दिसला होता. मागं सगळ्या गावाची पोरं, जी परवापर्यंत दारामागं होती. आत्याबाई हलगीवाल्याच्या बाजूनं चालत होत्या, ताठ मानेनं.

अक्का त्याला उचलायला धावली तर बायकांनी तिला धरलं. "मोडू नको गं. आता मोडलीस तर गावाचं वाटोळं होईल." भावजीही गर्दीत होते. त्यांनी तिच्याकडं बघितलं आणि मान फिरवली. मग तिनं ओढाताण सोडली. ती धोंडीच्या पुढं धावू लागली आणि प्रत्येक दारी जाऊन सांगू लागली, "पाणी जरा कोमट करून घाला. एवढंच ऐका." बायका हसल्या. गरम पाण्याची धोंडी कुणी ऐकली होती? थंड घागरी पालथ्या होत राहिल्या आणि प्रत्येक दारी नवा पदर त्याच्या तोंडावरून फिरत राहिला.

शरणम्माचं दार लोटलेलं होतं. तिचा नवरा गुरुलिंग किराणा दुकान चालवायचा, पण दुकान बरेच दिवस बंद होतं. हलगी दारात थांबली. शरणम्मा घागर घेऊन बाहेर आली. डोळे लाल, केस विस्कटलेले. तिच्या मागं अंधारात कुणीतरी खोकलं, लहान मुलाचा खोकला, आणि खोकला दाबायला कुणीतरी तोंडावर गोधडी धरली असावी, कारण तो मधेच बुडाला.

मला ऐकू आलं, म्हणजे अंगणातल्या साऱ्यांनाच ऐकू आलं. कुणी काही बोललं नाही. बोललं असतं तर धोंडी तिथंच मोडली असती.

शरणम्मानं उकंडावर पाणी ओतलं. उकिरड्यावरून त्याला उचलणारी तीच, त्यामुळं तिचा त्याच्यावर जास्तीचा जीव. तिनं त्याला पोटाशी धरलं, पदरानं तोंड, नाक, डोळे पुसले, आणि घास भरवला. मग तिची नजर अक्काकडं गेली. त्या दोघी एकमेकींकडं बघत उभ्या राहिल्या आणि धोंडी पुढच्या दाराला गेली.

त्या संध्याकाळी ढग आले. चार टपोरे थेंब पडले, धूळ बसावी इतकेसुद्धा नाहीत. तरी गावानं चावडीवर गूळ वाटला. उकंडाला ताप चढला तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, पाण्यात भिजला, उतरेल. मग त्याच्या नाकातून रक्त आलं. त्यानंतर आत्याबाई खोलीत आल्या नाहीत, उंबऱ्यावर बसून राहिल्या.

अण्णाराव पाटील पुन्हा आले. या वेळी अंगणाच्याही बाहेर, तोंडाला उपरणं धरून, आणि मागं दहा-बारा माणसं.

"तारामती, लेकराला माळावर न्यावं लागतंय. सरकारचा हुकूम हाय."

मी त्या क्षणी या माणसाच्या तोंडावर थुंकले असते. सासर, पाटील, कसलाही मुलाहिजा ठेवला नसता. पण अक्का शांत होती. तिनं उकंडाला गोधडीत गुंडाळलं, खांद्यावर घेतलं आणि अंगणात उतरली. भावजी तिच्यामागं निघाले तर म्हणाली, "एकच माणूस जातंय. हुकूम हाय."

माळाची वाट सरळ पांदीनं जाते. ती तिकडं वळली नाही. जिथून धोंडी निघाली होती त्या पहिल्या दारी जाऊन उभी राहिली. "पाणी घाला, बाई," तिनं हाक दिली. आतून कडी लागल्याचा आवाज आला. ती पुढच्या दारी गेली. मी लांबून तिच्यामागं चालत होते. एकही दार तिनं चुकवलं नाही. प्रत्येक दारी तीच हाक, आवाज न चढवता, आणि प्रत्येक दारी आत कडी. उकंडाची मान तिच्या खांद्यावरून मागं लोंबत होती आणि ती एका हातानं ती सावरत होती. पाटलाच्या वाड्यापुढं ती बराच वेळ थांबली. तिथं कडी आधीच लागलेली होती.

शरणम्माचं दार मात्र उघडलं. ती बाहेर आली तेव्हा तिच्या कडेवर तिची पोर होती, तापानं फणफणलेली, जिला तिनं इतके दिवस गोधडीखाली लपवलं होतं. ती रडत नव्हती. "चल, मी बी येते," एवढंच म्हणाली. अक्कानं तिला शिवी दिली नाही, जवळही घेतलं नाही. दोघी बरोबर चालू लागल्या.

मी रोज भाकरी आणि पाणी नेऊन माळाच्या कडेच्या दगडावर ठेवायची. एक दिवस अक्का स्वतः चालत दगडापर्यंत आली, रिकाम्या हातानं, आणि मला कळलं. शरणम्माची पोर वाचली.

पाऊस त्या साली पडलाच नाही. गाव म्हणालं, धोंडी बरोबर निघाली होती, पण आजारी लेकरू दारोदार फिरवून आईनंच विटाळ केला. अक्काच्या समोर म्हणायची कुणाची छाती झाली नाही, पण पाणवठ्यावर ती आली की बायका बाजूला सरायच्या.

पुढच्या साली माझा मुलगा झाला. पाचवीच्या आधीच आत्याबाई सूप घेऊन खोलीत आल्या. त्या फार म्हाताऱ्या दिसत होत्या. "याला उकिरड्यावर न्यावं लागंल," म्हणाल्या, "घरात लेकरू टिकंना गेलंय."

माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत अक्का मधे आली. तिनं माझं लेकरू माझ्या कुशीत दाबून ठेवलं आणि आत्याबाईंच्या हातातलं सूप काढून घेतलं.

"न्हाई न्यायचं. याला मरण शिवू शकतंय, हे गावाला ठावं असू द्या."