चढावरची थरथर

सकाळी साडेदहाला गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. दोन्ही बाजूंच्या खिडक्या माणसांनी भरल्या होत्या, पाण्याच्या टाकीवर चार जण चढले होते आणि शिंपीणबाईंच्या दारात त्यांची काळी मोटार उभी होती. मोटार सत्तर वर्षांची. लग्नात नवरानवरीला मिरवायला ती भाड्याने जायची. शिंपीणबाईंचा नवरा ती चालवायचा. तो सहा महिन्यांपूर्वी वारला. गल्लीचे म्हणणे मात्र असे, की तो कुठेही गेलेला नाही; तो गाडीतच आहे.

"गप्प बसा रे, आता थरथरेल!" टाकीवरून कोणीतरी ओरडले.

स्टिअरिंगवर त्यांची लेक होती. बापाच्या मागे गाडी तीच चालवत होती. तिने पहिला गिअर टाकला, क्लचवरचा पाय हळूहळू उचलला आणि गाडीला हुडहुडी भरली. दारे खडखडली, आरसा हलला. मागच्या सीटवर आई डोळे मिटून बसली होती. गाडीबरोबर तीही हलत होती आणि तिचे ओठ पुटपुटत होते. मुख्य रस्त्याकडे दहा हात गेल्यावर थरथर थांबली. गर्दीने सुस्कारा सोडला.

मग स्पर्शमहाराज पुढे झाले. त्यांनी हात लावला की काहीही शांत होते, अशी ख्याती होती.

"वाहनाचं तोंड उगवतीकडे करा," महाराज म्हणाले. आठ जणांनी गाडी ढकलून फिरवली. महाराजांनी बॉनेटवर तळहात ठेवला. "आत्मा म्हणजे काय? कंपन! विज्ञानही आता हेच म्हणतं. त्यांना कळायला जरा उशीर झाला, इतकंच. मालक, शांत व्हा. मी आलोय."

त्यांचा शिष्य आत बसला. त्याने क्लच सोडला. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी निघाली. एक खडखड नाही. गल्लीने टाळ्या वाजवल्या. दोघी-तिघींनी तिथेच हात जोडले.

"माई," महाराज शिंपीणबाईंना म्हणाले, "मालक एकटे पडलेत. सोबत मागतायत. रविवारी मी गाडी आश्रमात न्यायला येतो, तिथे त्यांना मोकळं करतो. तोवर अन्न बेताचं आणि औषध बंद. औषध घेतलंत तर त्यांना वाटेल, हिला माझ्याकडे यायचंच नाही."

औषध बंद करायला त्यांनी पाच दिवसांपूर्वीही सांगितले होते. त्या पाच दिवसांत शिंपीणबाईंनी हृदयाची एकही गोळी घेतली नव्हती. त्यांचे पाय सुजले होते, जिना चढताना दोनदा बसावे लागत होते. डॉक्टरांनी लेकीला स्पष्ट सांगितले होते, "आणखी आठवडा असाच गेला तर माझ्याकडे आणून उपयोग नाही."

"आई, गोळी घे," दुपारी लेक म्हणाली. तिच्या एका हातात पेला होता, दुसऱ्या हातात गोळी.

"ते थांबलेत गं माझ्यासाठी."

"आणि मी? मी कोणासाठी थांबायचं?"

आईने भिंतीकडे तोंड केले. लेक पेला घेऊन तशीच उभी राहिली. मग तिने पाणी मोरीत ओतले आणि ती मिस्त्रीकडे गेली.

गाडीला नवी क्लचप्लेट मिस्त्रीनेच बसवली होती. थरथर सुरू झाल्यावर त्याने इंजिनाखालचे रबर बदलले, केबल बदलली, पेडल दहा वेळा जुळवले. काही फरक पडला नाही. त्याची झोप उडाली होती. महाराज आल्यापासून मात्र त्याचा चेहरा उजळला होता.

"माझ्या हातात होतं ते केलं बाळ," तो म्हणाला. "आता हे यंत्राच्या पलीकडचं आहे."

"काका, आई मरेल."

मिस्त्री पाना पुसत राहिला.

शेवटचा उपाय म्हणून लेक मोटार शाळेत गेली. गाडी चालवायला ती तिथेच शिकली होती. तिथल्या बाई गेली तीस वर्षे मुलांना इंजिन उघडायला शिकवत होत्या. त्यांनी सगळे ऐकले आणि विचारले, "थरथर कधीपासून?"

"नवी प्लेट बसवल्यापासून. दोन महिने झाले."

"वडील जाऊन?"

"सहा."

"मधले चार महिने गाडी कशी चालायची?"

"जुनी प्लेट झिजली होती. घसरायची, पण थरथरत नव्हती."

"म्हणजे वडील चार महिने प्लेटची वाट बघत बाहेर उभे होते?"

लेकीला हसू आले आणि त्या हसण्यातच ती रडायला लागली. बाईंनी तिला रडू दिले. मग म्हणाल्या, "रविवारी येते. तुझ्या गल्लीला उतार कुठल्या बाजूला आहे?"

लेकीला सांगता येईना. जन्म त्या गल्लीत गेला होता, पण कोणी कधी विचारले नव्हते.

रविवारी गर्दी दुप्पट होती. शिंपीणबाईंना धरून आणून मागच्या सीटवर बसवले होते. गाडीला हार घातला होता. महाराज बॉनेटवर हात ठेवणार तोच बाई पुढे आल्या. त्यांनी खिशातून बेअरिंगचा छर्रा काढला आणि रस्त्यावर ठेवला. छर्रा क्षणभर थांबला, मग उगवतीच्या बाजूला घरंगळत गेला आणि थेट नाल्याच्या जाळीशी जाऊन टेकला.

"महाराज, याला तुम्ही हात लावला नव्हता ना?" बाईंनी विचारले.

गर्दीत कोणीतरी फिस्सकन हसले.

"उगवतीला उतार आहे," बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "उतारावर गाडी आपली आपण निघते. क्लचला ओढावंच लागत नाही. ओढायचंच नाही तर थरथरेल कशाला? चढावर मात्र सगळा भार क्लचवर. आता हेच हात, हाच मंत्र, हाच शिष्य. फक्त तोंड चढाकडे करा."

"मावळतीकडे आत्म्याला नेत नाहीत," शिष्य घाईने म्हणाला.

"अहो, मालक जन्मभर तिकडूनच जायचे की!" भाजीवाली म्हणाली. "तिकडेच रस्ता आहे."

गर्दीला चमत्कार पाहायचाच होता. गाडी फिरली. महाराजांनी हात ठेवला, जरा जास्तच दाबून ठेवला. शिष्याने क्लच सोडला आणि गाडी अशी हादरली की हार गळून चाकाखाली गेला.

"हे या बाईंच्या संशयाचं कंपन आहे!" महाराज गरजले.

"मग उतारावर त्यांचा संशय कुठे जातो हो?" भाजीवालीने विचारले.

महाराज पुढच्या पाच मिनिटांत निघून गेले. बॉनेटवर त्यांच्या पाच बोटांचे ठसे तेवढे राहिले.

पण शिंपीणबाई गाडीतून उतरल्या नाहीत. "त्यांनी लबाडी केली असेल," त्या दम घेत म्हणाल्या. "पण थरथर खरी आहे. मी रोज बसते आत. मला कळतं."

 महाराज गेले होते आणि आई तिथेच होती.

बाई खिडकीशी वाकल्या. "थरथर खरीच आहे, वहिनी. म्हणून तर उघडून बघायची. तुमच्यासमोर."

मिस्त्रीने मान खाली घालून पाने आणले. गिअरबॉक्स उतरवायला दुपारचे तीन वाजले. शिंपीणबाईंना खुर्ची दिली होती. लेक त्यांच्या पायाशी बसून सुजलेल्या घोट्यावरून हात फिरवत होती. प्लेट बाहेर आली, ती नवीच दिसत होती. फक्त तिच्या अस्तरावर काळे, चकचकीत डाग होते. बाईंनी ती चिमट्यात धरून शेगडीवर तापवली. थोड्याच वेळात अस्तरातून बारीक थेंब फुटले. बाईंनी कोरा कागद टेकवला. कागद तेलाने पारदर्शक झाला.

"तेल प्यायलंय हे अस्तर," बाई म्हणाल्या. "कोरडा भाग इंजिनाच्या चाकाला पकडतो, तेलकट भाग सुटतो, पुन्हा पकडतो, पुन्हा सुटतो. एका सेकंदात दहा वेळा. तीच तुमची थरथर."

मिस्त्रीने कागद हुंगला. "इंजिनचं नाही हे. फार पातळ आहे."

शिंपीणबाई उठल्या. भिंतीला धरत आत गेल्या आणि शिवणयंत्राच्या खणातली तेलाची छोटी बाटली घेऊन आल्या. बाटली त्यांनी बाईंच्या हातात दिली. बाईंनी बूच काढून वास घेतला आणि बाटली मिस्त्रीच्या नाकाशी धरली.

"प्लेट त्यांनीच मागवली होती," शिंपीणबाई म्हणाल्या. "ते गेल्यावर तिसऱ्या दिवशी खोकं आलं. चार महिने माझ्या खाटेखाली होतं. ते म्हणायचे, लोखंड कोरडं ठेवू नये, गंज चढतो. मी दर सोमवारी माझ्या कात्र्यांना तेल लावते, तसंच तिलाही लावायची. त्यांची शेवटची वस्तू होती."

"मला हाताला तेलकट लागली होती," मिस्त्री पुटपुटला. "वरून पुसली आणि बसवली. या गाडीची दुसरी प्लेट कुठून आणायची? नंतर कबूल करायला जीभ उचलली नाही. माफ करा वहिनी."

शिंपीणबाईंनी त्याच्याकडे पाहिले नाही. त्या लेकीकडे पाहत होत्या.

"मग ते नव्हते?"

लेकीला खोटे बोलता आले असते. "नाही, आई," ती म्हणाली.

 मग शिंपीणबाई रडल्या. सहा महिन्यांत पहिल्यांदा, तोंडावर पदर न घेता, सगळ्यांसमोर. रडून झाल्यावर म्हणाल्या, "पाणी दे. आणि ती गोळी."

पुढच्या आठवड्यात मिस्त्रीने जुने अस्तर काढून प्लेटला नवे लावले आणि ती कोरड्या, स्वच्छ हातांनी बसवली. सगळी गल्ली पुन्हा जमली. बाई त्यांना एवढेच म्हणाल्या, "माणूस गेल्याचं दुःख खरं असतं. त्या दुःखावर कोणी चमत्कार दाखवायला लागला, तर त्याला म्हणा, हेच उलट्या दिशेनं करून दाखव. आणि कोणी औषध बंद करायला सांगितलं, तर तेही विचारत बसू नका. सरळ डॉक्टरकडे जा."

लेकीने पाय उचलला. गाडी चढावर निघाली. आरसाही हलला नाही.

"शांत झाली हो गाडी!" खिडकीतून एक म्हातारा ओरडला.

मागच्या सीटवरून शिंपीणबाईंनी डोके बाहेर काढले. "शांत नाही," त्या म्हणाल्या. "दुरुस्त झाली."