प्रेसचा दुसरा गोळा

एक आत, सात

गोळा करायचा तर आधी जिना करावा लागतो. पितळेच्या कांबीच्या टोकापासून एक मिलिमीटर आत यायचं आणि तिथे त्रिज्या सात ठेवायची. पाच आत आलं की पंधरा. दहा आत, वीस. अठरा आत, चोवीस. पंचवीस आत, पंचवीस. तिथे गोळ्याचं पोट. मधल्या बाकीच्या पायऱ्या दशांशातच अडकतात, पण या पाच सरळ पूर्णांकात येतात. कागदावर हे निघालं तेव्हा भूमितीच्या बाई एकट्याच हसल्या. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी उत्तर पूर्णांकात आलं की त्यांना अजून बरं वाटायचं.

गोळा पन्नास मिलिमीटरचा हवा होता आणि शनिवारपर्यंत हवा होता. तो देताना दादाला एक गोष्ट सांगायची होती. ती सांगायची राहिली त्याला बावन्न वर्षं झाली होती.

पाच आत, पंधरा

धातू कातायचा लेथ गॅलरीत होता, शिवणयंत्रापेक्षा थोडासा मोठा. बरोबरीच्या शिक्षिका निवृत्त झाल्यावर समुद्र बघून आल्या, डोंगर बघून आल्या. बाईंनी लेथ आणला. गुडघे धड नाहीत आणि ही कसली हौस, असं लोक म्हणाले. बाईंनी कान बंद ठेवले आणि यंत्र चालू केलं.

"आज काय दळताय?" पलीकडच्या गॅलरीतून शेजारणीने विचारलं.

"पितळ."

"जाडसर की बारीक?"

"तुम्हाला चालेल तसं."

"नको बाई. आमचे दात कालच करून घेतलेत."

पितळेचा कीस उडून चोळीच्या गळ्यात जायचा आणि संध्याकाळपर्यंत टोचत राहायचा. हत्यार पुढे, मागे, एक घर आत, पुन्हा पुढे. गोळे करायची तयार जोडणीही मिळते, तिचा दांडा फिरवला की हत्यार आपणच कमानीत फिरतं. पण बाईंच्या लेथला बसणाऱ्या जोडणीत सुपारीपेक्षा मोठा गोळा मावत नव्हता. म्हणून जिना. पायऱ्या पाडायच्या, मग त्या कानशीने मोडायच्या. एका बाजूचा जिना तयार व्हायलाच दोन दिवस गेले.

दहा आत, वीस

बाई तेव्हा नऊ वर्षांच्या. म्हणजे बाई नव्हत्याच, ठमी होत्या. दादा तेरा वर्षांचा. वडिलांचं पुस्तकबांधणीचं दुकान उताराच्या रस्त्यावर, वरच्या टोकाला. आत शिरलं की खळीचा आंबूस वास यायचा, मग कापडाचा, मग जुन्या कागदाचा. मधोमध ठसे उमटवायची लोखंडी प्रेस. तिच्या माथ्यावर आडवा दांडा आणि दांड्याच्या दोन टोकांना दोन पितळी गोळे. वडील दांड्याला एक हिसका द्यायचे, गोळे गर्रकन फिरायचे, प्रेस खाली उतरायची आणि पुस्तकाच्या पाठीवर नाव उमटायचं. त्या फिरण्याला एक आवाज होता, कुणीतरी लांबून "हूं" म्हटल्यासारखा. तो आवाज ऐकत ठमी खालच्या फळीवर बसून गृहपाठ करायची आणि बऱ्याचदा तिथेच झोपून जायची.

दर शनिवारी गोळे उतरवून राखेने घासायचे, हे काम दादाचं. त्या शनिवारी त्याने दोन्ही गोळे घासले, धुतले आणि पायरीवर उन्हात ठेवले. मग तो हात पुसायला आत गेला.

ठमीने एक गोळा उचलला. तिला काही चोरायचं नव्हतं, नुसतं तो घरंगळताना बघायचा होता.

गोळा गेला. उताराने गेला, वळणावर भिंतीला घासून गेला, पुलाच्या कठड्याखालच्या भोकातून खाली ओढ्यात गेला. एकदाही अडखळला नाही. ठमी पुलापर्यंत धावली, पाण्यात बघितलं आणि घरी जाऊन अंघोळीला बसली. एरवी तिला अंघोळीला ओढून न्यावं लागायचं. आईलासुद्धा काही वावगं वाटलं नाही.

अठरा आत, चोवीस

दादाला मार बसला. मार काय, आठ दिवसांत विसरला गेला. पण वडिलांनी त्याला "हरव्या" म्हटलं आणि ते नाव चिकटलं. शाळेत हरव्या. गल्लीत हरव्या. पुढे गिऱ्हाइकंसुद्धा विचारायची, "हरवूशेठ आहेत का?" आणि दादा मान वर न करता "आहेत" म्हणायचा.

नवा गोळा आला नाही. वडिलांनी रिकाम्या टोकाला जुन्या नटांचा झुबका तारेने करकचून बांधला. "राहू दे असाच," ते म्हणाले. "बघितला की आठवण राहील." प्रेसचा आवाज बदलला. "हूं" गेलं आणि दर फेरीला एक खडखड आली.

वडिलांनी दुकानाची किल्ली दादाला कधी दिली नाही. दादाचं लग्न झालं, दोन मुलं झाली, डोक्यावरचे केस विरळ झाले, तरी तो रोज सकाळी बंद दारापाशी उभा राहून वडिलांची वाट बघायचा. ते सावकाश यायचे, कमरेची किल्ली काढायचे, कुलूप उघडायचे. वडील गेले तेव्हा दादा सत्तेचाळीस वर्षांचा होता. किल्ली त्याला उशीखाली सापडली. तेव्हापासून दुकान बंद केलं की तो खिसा तीनदा चाचपायचा.

बाईंनी दहा हजार मुलांना सांगितलं असेल, चुकलं तर खोडा आणि पुन्हा काढा. स्वतःच्या वहीतलं हे एक पान मात्र त्यांनी कधी उघडलं नाही. शाळेत असताना धीर झाला नाही. मोठेपणी वाटलं, आता काय. मग दादाचा खांदा गेला, दुकानाची जागा सोडायची ठरली आणि प्रेस हाताने वह्या शिवणाऱ्या एका मुलीला द्यायची ठरली. रविवारी ती टेम्पो घेऊन येणार होती. प्रेस गेल्यावर हे सांगायचं कशापाशी उभं राहून?

शुक्रवारी कानशीचं काम संपलं. मग नळीचा एक तुकडा घेतला, त्याची कड धारदार केली आणि फिरत्या गोळ्यावर टेकवून हळूहळू सगळीकडून फिरवली. ही युक्ती साधी आहे. नळीची कड हे एक वर्तुळ, आणि गोळा खरा गोल असेल तर ते वर्तुळ त्याच्यावर कुठेही टेकवलं तरी सगळीकडून टेकतं. जिथे उजेड दिसेल तिथे अजून खोटं आहे. बाईंनी चष्मा पुसला. उजेड दिसला. पुन्हा घासलं. तिसऱ्या वेळी दिसला नाही. मग भोक पाडून आत आटे कापले; मापं मागच्या खेपेला प्रेसवरच्या उरलेल्या गोळ्याची गुपचूप घेऊन ठेवली होती.

पंचवीस आत, पंचवीस

"अगं ठमे, तू? शनिवारची?"

दुकान निम्मं रिकामं झालं होतं. भिंतींवर फळ्यांच्या जागी फिकट पट्टे उरले होते. दादा ग्रंथालयाची शेवटची सहा पुस्तकं घेऊन बसला होता. शिवून, चिकटवून झाली होती, पाठीवर नावं उमटवायची राहिली होती.

बाईंनी पिशवीतून गोळा काढून त्याच्या हातात ठेवला. दादाने तो तळहातावर तोलला, प्रेसच्या गोळ्याकडे बघितलं, पुन्हा हातातल्या गोळ्याकडे.

"कुठून करून आणलास?"

इथे पळवाट होती. बाजारातून म्हणायचं, चहा प्यायचा, घरी जायचं.

"मी केला."

"तुझ्या त्या खेळण्यावर?"

"खेळणं नाही ते."

"बरं, नाही." त्याने पक्कड घेतली, तार तोडली, नटांचा झुबका बाजूला ठेवला आणि गोळा दांड्यावर चढवला. आटे नीट बसले. त्याने रिकाम्या प्रेसला हिसका दिला.

हूं.

दादाने पुन्हा हिसका दिला. मग आणखी एकदा, नुसतं ऐकायला. बाईंचे डोळे खालच्या फळीकडे गेले. ती फळी काढून नेलेली होती.

"त्या वेळचा गोळा मी नेला होता," त्या म्हणाल्या. "तू पायरीवर ठेवलेला. उतारावरून सोडला. पुलाखाली गेला."

दादा दांड्याला हात लावून तसाच उभा राहिला.

"तुला माहीत होतं ना?" बाईंना एवढी एक आशा होती.

"नाही."

"कधी शंकासुद्धा नाही आली?"

"शंका कशाची? दोन ठेवले, एक उरला. मला वाटलं, धुताना मीच कुठेतरी ठेवला. मोरी खणली होती मी, आठवतं? वर्षभर शोधत होतो." तो स्टुलावर बसला. "बाबा गेल्यावर माळा रिकामा केला, तेव्हासुद्धा आधी गोळाच शोधला."

बाहेरून एक सायकल घंटी वाजवत उताराने गेली.

"किल्ली," दादा म्हणाला. त्याचा हात खिशाकडे गेला. बाईंनी माफीचं वाक्य घोकून आणलं होतं. ते या दुकानात फार नेटकं दिसलं असतं, म्हणून त्या ते बोलल्याच नाहीत.

"किती लांब गेला?" त्याने अचानक विचारलं.

"पुलापर्यंत. वळणावर भिंतीला घासला, पण थांबला नाही."

"एकदाही नाही?"

"नाही."

"मीही बघितलं असतं," तो म्हणाला. "हाक मारायचीस ना, गाढवे."

आट्यांची बाजू

नावं उमटवायची होतीच. दादाने आधी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर करून बघितलं. ठसा कापड फाडून आत गेला. हात सैल ठेवून पुन्हा केलं, तर अर्धी अक्षरं उमटलीच नाहीत. तिसऱ्यांदा पुन्हा फाटलं.

"गोळा जड झाला का?" बाई म्हणाल्या. "मी त्या दुसऱ्या गोळ्याच्या मापाचाच केलाय."

"गोळा बरोबर आहे. माझा हात चुकतोय. बावन्न वर्षं खडखड सांभाळत आलाय तो." त्याने मनगट चोळलं. "खडखड आली की हात आपणच थोडा मागे यायचा. आता ती येतच नाही, तर यायचं कधी?"

त्याने गोळा उतरवला आणि नटांचा झुबका नव्या तारेने बांधला. बाईंनी तार धरून ठेवली. मग त्याने सहाच्या सहा पुस्तकं उमटवली, एकापाठोपाठ एक, हिसका आणि खडखड, हिसका आणि खडखड. एकही अक्षर वाकडं नाही, एकही खोल नाही. बाईंनी मोजपट्टी लावून बघितली असती तरी चूक निघाली नसती. त्यांनी लावली नाही.

सहावं पुस्तक झाल्यावर दादाने झुबका सोडवला, जुन्या कापडात गुंडाळला आणि आपल्या पिशवीत टाकला. दांड्यावर गोळा चढवून घट्ट केला.

"त्या पोरीचा हात नवा आहे," तो म्हणाला. "ती या गोळ्यावरच शिकेल."

दोघं बाहेर आले. दादाने कुलूप लावलं, ओढून बघितलं, किल्ली खिशात टाकली. खिसा चाचपला. पुन्हा चाचपला. तिसऱ्यांदा हात खिशापाशी गेला आणि तिथेच थांबला. मग त्याने किल्ली काढली आणि बहिणीपुढे धरली.

"उद्या टेम्पो येईपर्यंत तू सांभाळ."

"मी?"

"हरवलीस तर कुणी हरवली ते मला माहीत असेल. या वेळी मोरी खणणार नाही."

बाईंच्या साडीला खिसा नव्हता आणि पिशवीवर त्यांचा भरवसा नव्हता. उतार उतरून, वळणावरून, पुलावरून घरी जाईपर्यंत त्यांनी किल्ली मुठीत धरली होती. दार उघडायला मूठ सोडली तेव्हा तळहातावर किल्लीचे दात उमटले होते.