मांडीवरचा कॅमेरा

मी एक जुना कॅमेरा आहे, मित्रांनो. माझ्या एका कोपऱ्याला पोचा आला आहे आणि पट्टा दोनदा शिवलेला आहे. सध्या माझा मुक्काम कपाटावर असतो. पण मला टाकून दिले म्हणून गाऱ्हाणे गायला मी बसलेलो नाही. मला माझीच लाज वाटते, ते सांगायचे आहे.

कारखान्यातून माझे बरेचसे भाऊबंद लग्नसमारंभांत गेले. माझ्या नशिबी आली एक हट्टी बाई. ती चित्रपट काढायची. पण त्यात नट नाहीत, गाणी नाहीत आणि पाठीशी कंपनीही नाही. शहरात रोज जे चालते तेच तिला दाखवायचे असे. जिना पुसणारी बाई, बस धुणारे लोक, दवाखान्याबाहेर ताटकळणारी माणसे. तिची आई म्हणायची, "अगं, हे तर आम्ही खिडकीतून फुकट बघतो!" तरी लेकीच्या स्वयंपाकघरात बसून प्रत्येक चित्रपट तीच सर्वांत आधी बघायची.

माझ्या मालकिणीची एक युक्ती होती. मुलाखत संपली की ती म्हणे, "झालं हं, दमलात ना?" आणि मला मांडीवर ठेवून गप्पा मारत बसे. समोरचा माणूस सैलावे. मी मात्र चालूच असे, माझा लाल दिवा तिच्या तळहाताखाली झाकलेला असे. माणूस खरे बोलतो ते काम संपल्यावर, असे तिचे म्हणणे. लोक वाहवा करत, "किती सहज बोलतात तुमची माणसं!" आणि मीही फुशारून जाई.

मग आम्ही दोघा भावांच्या केस कापायच्या दुकानात गेलो. दुकान एक, खुर्च्या दोन, आरसा भिंतभर. थोरल्याला सगळे दादा म्हणत. एका दुपारी दादा जेवायला घरी गेला होता. धाकट्याची मुलाखत संपली, मी मांडीवर आलो आणि तो हलक्या आवाजात म्हणाला, "ताई, दादाचा हात थरथरतो हल्ली. दाढीचं गिऱ्हाईक आलं की मी काहीतरी निमित्त काढून माझ्याच खुर्चीत बसवतो. त्याला पत्ता नाही. कळलं तर खचेल बिचारा."

ते सगळे मी टिपले.

आई चित्रपट बघून म्हणाली, "हे त्यानं तुला सांगितलंय, गावाला नाही." पण चित्रपटाचा सगळा जीव त्या बोलण्यातच होता. मालकिणीने ते ठेवले. धाकट्याला सांगून टाकायचे ती आज-उद्या करत राहिली. दादा दुकान सोडून चित्रपट बघायला थोडाच येतो, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

पहिल्या खेळाला दोघेही भाऊ इस्त्रीचे कपडे घालून आले. पडद्यावर धाकटा बोलू लागला तसा दादाने उजवा हात हळूच खिशात घातला. शेवटी टाळ्यांचा कडकडाट झाला. धाकट्याने मान वर केली नाही.

नंतर ती माफी मागायला दुकानात गेली. मी तिच्या खांद्याला होतो, बंद. धाकटा बाहेर गेला होता. दादा म्हणाला, "मला काय माझा हात कळत नव्हता होय, ताई? तो झाकत होता, मी झाकू देत होतो. त्यालाही बरं वाटायचं, मलाही. आता तो माझ्याकडे बघत नाही. आणि तुमचा सिनेमा बघितलेली माणसं मुद्दाम माझ्या खुर्चीत येऊन बसतात. गाल आवळून बसतात."

"चुकलं माझं, दादा. तो भाग मी काढून टाकते."

"टाका," तो म्हणाला आणि आरसा पुसू लागला.

तिने तो भाग काढला. पण ज्यांनी बघितले होते त्यांच्या डोळ्यांतून तो कसा काढणार? तेव्हापासून तिने मला हात लावलेला नाही. कोणी विचारले, "नवीन काय चाललंय?" तर "बघू" म्हणते आणि विषय बदलते. मलाही तिच्याकडे बघवत नाही. हात तिचा होता, पण ऐकले मी, आणि जसेच्या तसे सांगितलेही मीच.

मित्रांनो, मला धुळीपासून जपा असे मी म्हणणार नाही. माझी नातवंडे आता तुमच्या खिशात असतात. ती बाहेर काढाल तेव्हा समोरच्याला एवढेच सांगा, की हे चालू आहे. कदाचित तो गप्प बसेल. बसू द्या.