न आणलेल्या फायली

ताई गणितात संशोधन करते. त्यासाठी घरून मिळालेली मुदत संपली, तेव्हा ऑफिसातून आलेली आई पर्ससकट पलंगावर आडवी होत म्हणाली, "तू नक्की काय करतेस ते मला कळलं, तरच आणखी एक वर्ष. नाहीतर नोकरी बघ."

"विषयाचं नाव अमेनेबल क्रिया," ताई म्हणाली. "क्रिया म्हणजे सगळ्यांनी एकाच नियमाने सरकवणं. समज, गोल टेबलाभोवती माणसं बसलीत, प्रत्येकाकडे एक फाईल. सगळ्यांनी ती उजवीकडे सरकवली. मग?"

"मग प्रत्येकाकडे पुन्हा एकच. कामचुकारांचा फायदा शून्य."

"हेच अमेनेबल. कितीही सरकवा, सरासरी हलत नाही. आता असं ऑफिस घे, जे वर-खाली कुठेच संपत नाही आणि प्रत्येकाच्या हाताखाली दोघं आहेत. सगळ्यांनी आपापली फाईल साहेबाकडे ढकलली."

आईने डोळे मिटूनच हिशेब केला. "प्रत्येकाकडे दोन आल्या. अगं, पण नवीन फाईल तर कुणी आणलीच नाही!"

"नाहीच. तिथे सरासरीला काही अर्थच उरत नाही. म्हणून ते अमेनेबल नाही."

"आणि ऑफिस खाली संपत असेल तर?" मी विचारलं.

"तर तळातले, म्हणजे ऑफिसातले निम्मे लोक, रिकामे बसतील."

"बसतात," आई म्हणाली.

मग तिने उठून पर्स बाजूला ठेवली.

"घे एक वर्ष," ती म्हणाली. "मला आजवर वाटायचं, माझाच उरक कमी आहे."