बाई मागून शिकवतात

“झाकणं खाली करा आधी! मी काय लॅपटॉपच्या पाठींना शिकवू?” गणिताच्या बाई म्हणाल्या.

आम्ही चाळीस जणांनी लॅपटॉप मिटले. टपाटप. नेमके तेव्हाच मुख्याध्यापक सर दारातून जात होते.

“बाई, प्रत्येकाला मशीन दिलंय ते मिटून ठेवायला नाही हो. शुक्रवारी तपासणीला साहेब येतायत. तेव्हाही हेच दिसलं, तर वर्ग नव्या सरांना द्यावा लागेल. तुम्ही मग ऑफिसात बसा, दाखले लिहा.”

आवाज मऊ होता, पण बोलले आमच्यासमोर. बाईंनी डस्टर उचललं आणि कोरा फळाच पुसला.

खरं सांगू? मला लॅपटॉप जाम आवडतो. मागच्या वर्षापर्यंत वर्गात हात वर करायचा म्हटलं तरी मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचे. आता शंका टाइप करते. टाइप करता करता तोंडही सुटलं, ते इतकं की आई म्हणते, “तुझं बंद करायचं बटण कुठंय गं?” त्यामुळे बाईंना लॅपटॉप शिकवायचं काम मीच मागून घेतलं.

बाई दोन मधल्या सुट्ट्यांत सगळं शिकल्या. मी चक्रावलेच.

“मग अडतंय कुठे, बाई?”

“मशीनचं काही नाही गं. चेहरे दिसत नाहीत. एकतीस वर्षं मी भुवया बघून शिकवलंय. कळलं नाही हे कुणी तोंडाने सांगतं का? तू तरी कधी सांगितलंस? तुझी डावी भुवई वर गेली की मी ती पायरी परत सोडवायचे.”

माझा हात आपोआप डाव्या भुवईकडे गेला. मला वाटायचं, बाईंना सगळं दोनदा सांगायची सवयच आहे.

“मग तुम्ही मागे येऊन उभ्या राहा ना!” मी एकदम बोलून गेले. “तिथून सगळ्यांचे स्क्रीन दिसतात.”

“आणि चेहऱ्यांऐवजी माना!” बाई हसल्या. पण जाताना शेवटच्या बाकापाशी जरा रेंगाळल्या.

शुक्रवारी साहेब त्याच बाकावर येऊन बसले. बाईंनी सगळ्यांच्या स्क्रीनवर गणित पाठवलं आणि सरळ मागे चालत गेल्या. पुढे नुसतं टेबल. मुख्याध्यापक सरांनी दारातून डोकावून मला खुणेनं विचारलं, बाई कुठायत? तेवढ्यात मागून आवाज आला.

“खिडकीजवळचा, कान खाजवणं थांबव. वजाचं चिन्ह खाल्लंयस.”

वर्गात खसखस पिकली.

“आणि तू गं, मान आखडून काय बसलीस? उत्तर अपूर्णांकात आलंय म्हणून? येऊ दे. बरोबर आहे.”

मान माझीच होती. मग मागे वळून बघणं भागच होतं. साहेब स्वतःच्या लॅपटॉपवर फॉर्म भरत होते. बाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

“साहेब, तुम्हीही अडकलात.”

साहेब ओशाळले. “शिक्षक कुठे उभे होते, असं विचारलंय. फळ्याजवळ की टेबलाजवळ. दोनच पर्याय आहेत.”

“ते रिकामं ठेवा. मुलं काय करतायत ते लिहा.”

साहेब हसले आणि बराच वेळ लिहीत बसले.

वर्ग बाईंकडेच राहिला, परीक्षेपर्यंत. त्यानंतर त्या निवृत्त होणारच आहेत. तोवर रोजचा तास त्या मागेच उभ्या राहून घेतात. एक हात भिंतीला, भार कधी या गुडघ्यावर, कधी त्या.

काल मी पुढची खुर्ची ओढत त्यांच्यापाशी नेली. “बसा ना, बाई.”

“बसले तर पहिल्या दोन रांगा दिसत नाहीत गं,” बाई म्हणाल्या, आणि खुर्चीवर पर्स ठेवून उभ्याच राहिल्या.