टेकू

"बोल, टेकू काढायचे की नाही?" असे विचारून कॅप्टन ग्रुएवने लाझार गिदिकोवच्या उजव्या हातावर लोखंडी पट्टी पुन्हा आपटली. करंगळीचे हाड मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला. लाझार किंचाळला. वेदना लपवण्याचा अभिमान त्याने पहिल्याच दिवशी सोडून दिला होता. मात्र किंचाळी ओसरल्यावर उत्तर तेच आले.

"स्लॅब अजून कच्चा आहे."

"कच्चा! अरे, वर घोडे नाचवले तरी हलायचा नाही तो."

"घोडे नाचतील तेव्हा तुम्ही खाली उभे राहाल का, कॅप्टनसाहेब?"

पट्टी आडवी फिरली आणि लाझारचा खालचा ओठ फाटला.

पोलीसठाण्याचे ते तळघर चौकाच्या एका अंगाला होते, आणि समोरच्या अंगाला नवे संस्कृतिभवन. त्याच्या सभागृहाचा विशाल स्लॅब ऑक्टोबरच्या आरंभीच्या थंडीत टाकला गेला होता. रोडोपीच्या डोंगरातली थंडी काँक्रीटला सावकाश पक्व होऊ देते. घाई तिला ठाऊक नाही. पक्षाचे सेक्रेटरी बालाबानोव यांना मात्र घाईच ठाऊक होती. सात नोव्हेंबरच्या क्रांतिदिनी उद्घाटन ठरलेले; त्याआधी गिलावा, रंग, झुंबरे सारे व्हायचे. आठवडा उलटताच त्यांनी छताखालचे टेकू काढण्याचा हुकूम दिला. सभागृह आखणाऱ्या लाझारने नकार दिला आणि त्याच दुपारी त्याला घरातून फरफटत आणले.

त्यानंतर गवंडी अडले. ज्याने नकाशा आखला, त्याने स्वमुखाने 'काढा' म्हटल्यावाचून टेकूला हातोडा लावायचा नाही, हा त्यांचा वाडवडिलांपासूनचा दंडक. दुसरे गवंडी त्या डोंगरात मिळत नव्हते. शिवाय स्लॅब कोसळलाच, तर दोष कोणाच्या माथी मारायचा, हे ठरवायलाही तो एक शब्द हवाच होता. तेव्हा तो एका माणसाच्या तोंडून पिळून काढणे सर्वांत सोपे, असे सेक्रेटरींना वाटले.

लाझारचे वय पन्नाशीपलीकडचे. तरुणपणी तो व्हिएन्नात शिकला. पुढचे सारे आयुष्य राज्याच्या आराखडा-संस्थेत गेले. राजधानीहून शिक्क्यानिशी ठरीव आराखडे येत, आणि हा जमिनीच्या उताराप्रमाणे त्यांचा पाया वरखाली करी. सामुदायिक शेतीचे गोठे, धान्याची कोठारे, पुन्हा गोठे. कोणत्याही भिंतीवर त्याचे नाव नव्हते. मित्र चिडवत, तर तो म्हणे, "माझ्या गिऱ्हाइकांना शिंगं आहेत, पण एकानंही कधी तक्रार केली नाही." हे सभागृह मात्र त्याने स्वतः आखले होते. मागच्या बाकावरच्या म्हातारीलाही रंगमंच दिसावा, म्हणून मध्ये एकही खांब ठेवला नव्हता. गाईगुरांखेरीज कोणी त्याच्या छताखाली प्रथमच बसणार होते.

तिसऱ्या आठवड्यात कॅप्टनने नवा उपाय योजला. गवंड्यांचा म्होरक्या मिंचो मिस्त्री, त्याला मानगूट धरून आत ढकलले.

"समजाव तुझ्या साहेबाला," असे म्हणून तो दाराशी सिगारेट ओढत उभा राहिला.

मिंचोने लाझारचा सुजलेला हात पाहिला आणि तो त्याच्याजवळ खाली बसला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "साहेब, हे सगळं माझ्यामुळं झालं."

"तुमच्यामुळं कसं?"

"सावली, साहेब. भिंती माथ्याला आल्या तेव्हा आम्ही दोरीनं एकाची सावली मापून भिंतीत चिणली. त्याबिगर इमारत उभी राहत नाही, आमचा बापही असंच करायचा. ज्याची सावली घातली तो चाळीस दिवसांत जातो." त्याने दाराकडे चोरून पाहिले. "मला मापायची होती सेक्रेटरीची. तुम्ही उन्हात पाठमोरे उभे होतात हो. टोपी सारखीच दिसली."

लाझार हसू लागला. ओठाची जखम उलून हनुवटीवर रक्त उतरले, तरी त्याला हसू आवरेना.

"अहो मिस्त्री, त्या माणसाची सावली चिणली असती, तर भिंत दुसऱ्या दिवशीच पळून गेली असती!"

"चेष्टा नका करू. हे तुम्हाला मारून टाकणार. एवढं 'काढा' म्हणा आणि घरी चला. आम्ही जपून काढू."

"खाली कोण शिरणार?"

"मी. माझे दोघे भाऊ."

"मग?"

लाझारने दुखरा हात मांडीवर सांभाळून ठेवला आणि विचारले, "रात्री स्लॅब गोठत तर नाही ना?"

"पोती टाकतो. वर पेंढा."

"शाबास. तसंच चालू द्या."

"झालं का गुऱ्हाळ?" कॅप्टन गरजला. त्याने मिंचोच्या बरगडीत लाथ घातली आणि त्याला जिन्यावरून वर हाकलले.

पुढचे दिवस लाझारने काँक्रीटच्या हिशेबाने काढले; या थंडीत ते पक्के व्हायला पुरा महिना हवा होता. त्याचे दात पडले, लघवीतून रक्त जाऊ लागले, एक कान बधिर झाला. परंतु प्रत्येक मार सोसून झाल्यावर तो मनाशी म्हणे, चौकापलीकडे ओले होते ते तेवढे अधिक दगड झाले. प्राण जाण्याची त्याला भीती वाटे. त्याहून मोठी भीती ही, की शुद्ध हरपली असता तो शब्द तोंडून निसटेल. म्हणून झोप अनावर झाली, की तो शर्टाची बाही दातांत घट्ट धरी.

चौकात बँडचा सराव सुरू झाला; गिलाव्याविनाच उद्घाटन उरकायचे ठरले. क्रांतिदिनाच्या आदल्या सकाळी कॅप्टनने बाह्या सरसावल्या, तोच लाझार म्हणाला, "काढा."

कॅप्टन क्षणभर गोंधळला. मग त्याच्या चेहऱ्यावर विजयाचे हसू पसरले. "फुटलास शेवटी! एवढंच होतं तर दात का घालवलेस, गाढवा?"

"फुटलो," लाझार नम्रपणे म्हणाला. दुष्ट हेतूने काम अडवल्याच्या कबुलीवर त्याने डाव्या हाताने सही केली.

मिंचोला बोलावण्यात आले. शब्द त्याने लाझारच्या तोंडूनच ऐकायचा होता.

"मिस्त्री, काढा. मधले आधी, कडेचे शेवटी."

मिंचोने त्याच्या डोळ्यांत निरखून पाहिले. "आता?"

"आता."

लाझारला पुन्हा तळघरात ढकलले. तो झरोक्याखाली शाबूत कान वर करून बसला. पलीकडे हातोडा वाजला. पहिला टेकू लाकडाच्या कोरड्या आवाजाने कोसळला, मग दुसरा. त्यानंतरचे त्याने मोजले नाहीत. मध्येच कोणी जोराने ओरडले, आणि त्याने बाही दातांत धरली. पण ती केवळ फळी उचलण्याची हाक होती. हातोडे दूर भिंतीकडे सरकत गेले आणि थांबले.

"खूश का आता?" कॅप्टनने गजांतून विचारले. "उद्या खाणीवर रवानगी. दगड फोडायला."

"जरा गप्प राहता का, साहेब?" लाझार म्हणाला.

कॅप्टनने खांदे उडवले आणि सिगारेट पेटवली.

चौकापलीकडे सभागृहात कोणी धुळीने खोकत होते. मग बिनगिलाव्याच्या छताखाली घुमत मिंचोचा वैतागलेला आवाज आला, "अरे, पाव आणलात, कांदा आणलात, मीठ कुठाय? इथंच छताखाली बसून खायचं म्हणालात ना?"

लाझारने बधिर कान दगडी फरशीला टेकवला, पाय पसरले आणि डोळे मिटले.